घरपट्टीचा बोजा आणि आपली मागणी

(शिरूर व दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



करांविषयी बोलायला या दोन तालुक्यांइतकी योग्य भूमी महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावच्या रयतेने सावकारांवर बहिष्कार घातला. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. आजचा दौंड त्या वेळी भीमथडीतच मोडत होता. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने दोष मुख्यतः सावकारीवर आणि शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावर टाकला. परंतु आयोगाचेच एक सदस्य ऑकलंड कॉल्विन यांनी स्वतंत्र टिपणात साऱ्याच्या फेरआकारणीकडे बोट दाखविले. पुणे जिल्ह्यात १८६७ पासून शेतसारा कित्येक ठिकाणी निम्म्याहून अधिक वाढविला गेला होता, आणि नेमका त्याच सुमारास कापसाचा भाव कोसळला होता. सावकाराचे दार रयतेला दाखविले ते सरकारच्या हप्त्याने. पुणे सार्वजनिक सभेने ही तक्रार १८७३ सालीच मांडली होती.

देणाऱ्याची ऐपत न पाहता कर बसविला की काय होते, हे या मातीला ठाऊक आहे. म्हणून आज नागरिकांवरील करांचा विचार करताना ‘कर किती?’ याच्या आधी ‘कोणाकडून?’ हा प्रश्न विचारावा, अशी माझी विनंती आहे.

प्रथम व्यवसाय कर घेऊ. हा राज्याचा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. शहरातील पगारदाराने खेड्यातील भूमिहीनाच्या कामासाठी चार पैसे द्यावेत, ही कल्पना थोर होती, आणि तिच्यामागे आपल्या चळवळीचाही रेटा होता. पण घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने या करावर कमाल मर्यादा घातली आहे. ती १९८८ साली वर्षाला २,५०० रुपये करण्यात आली आणि आजही तेवढीच आहे. याचा परिणाम रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन पाहा. महिना पंधरा हजारांवर राबणारा कंत्राटी कामगार वर्षाला २,५०० रुपये भरतो, आणि त्याच कारखान्याचा वर्षाला पन्नास लाख घेणारा संचालकही २,५०० रुपयेच भरतो. पहिल्याच्या कमाईचा हा जवळजवळ दीड टक्का झाला, दुसऱ्याच्या कमाईचा टक्क्याचा विसावा भाग. (महिना पंचवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना २०२३ पासून या करातून सूट मिळाली, हे चांगले झाले.) घटनेतील ही मर्यादा उठवून कर चढत्या श्रेणीचा करा, ही मागणी डाव्या पक्षांनीही जोराने लावून धरलेली नाही, याचे मला नवल वाटते.

आता घरपट्टी. १९९९ साली नगरपरिषदांच्या हद्दीतील जकात रद्द झाली. जकातनाक्यावरील खाबूगिरी आणि गाड्यांच्या रांगा गेल्या, त्याबद्दल कोणी अश्रू ढाळू नयेत. परंतु शिरूर-दौंडसारख्या गावांचे स्वतःचे मोठे उत्पन्न तिच्याबरोबर गेले आणि नगरपरिषदा राज्याच्या सहायक अनुदानाकडे डोळे लावून बसल्या. हाती उरली ती प्रामुख्याने घरपट्टी व पाणीपट्टी. साहजिकच दर चार वर्षांच्या फेरआकारणीत तिचाच स्क्रू पिळला जातो. शिवाय घरपट्टीच्या बिलात दिसणारा शिक्षण उपकर नगरपरिषदेचा नसून राज्याचा असतो. तो वसूल करून ती सरकारकडे भरते, आणि शिव्या मात्र तिच्याच वसुली कारकुनाला खाव्या लागतात.

यावर कळस म्हणजे शास्ती. थकीत करावर दरमहा दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के! महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिनतारण कर्जावर बिगरशेतकऱ्याकडून अठरा टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही. १८७५ मध्ये लोकांनी ज्याच्या वह्या जाळल्या, त्याच्या आजच्या वारसावर कायद्याचा लगाम आहे, आणि लोकांची म्हणविणारी संस्था त्याच्यापुढे सहा पावले आहे. २०२५ साली नगरपरिषदांसाठी शास्तीमाफीच्या अभय योजनेची वाट सरकारने मोकळी केली. परंतु माफी ही मेहेरबानी असते आणि तिचा मोठा लाभ मोठ्या थकबाकीदाराला होतो. दरच कायमचा खाली आणायला हवा.

मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता करात सूट आहे. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला १९७० पासूनची चाळीस टक्के सवलत मध्यंतरी काढली गेली होती, ती २०२३ साली पुन्हा मिळाली. मग दौंडच्या रेल्वे हमालाच्या दोन खोल्यांनी काय पाप केले आहे? उत्तर उघड आहे. मोठ्या शहरांतील मतांचे वजन मंत्रालयात लवकर जाणवते. पाचशे फुटांची सूट राज्यातील प्रत्येक नगरपरिषदेत व ग्रामपंचायतीत लागू करा आणि तिची भरपाई राज्याने द्या, ही आपली पहिली मागणी असावी.

‘भरपाई राज्याने द्या’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो. आपल्यातील काही तरुण मित्र सरसकट करमाफीची घोषणा देऊ लागले आहेत. टाळ्यांना ती बरी आहे. पण नगरपरिषदेची तिजोरी आटली तर बंगलेवाला कूपनलिका खणेल आणि टँकर मागवील. सार्वजनिक नळावर हंडा घेऊन उभी राहणारी बाई कोठे जाणार? सफाई कामगाराची जागा भरली जात नाही आणि त्याचे काम ठेकेदाराकडे जाते, ते याच आटलेल्या तिजोरीच्या नावाने. गरिबाचा बोजा हलका करायचा तर तो ज्यांच्या खांद्यावर ठेवायचा त्यांची नावे घेण्याचे धाडस हवे.

ती नावे घेऊ. दौंडचे जंक्शन, यार्ड, वसाहती अशी रेल्वेची मोठी मालमत्ता या गावात आहे. घटनेचा २८५ वा अनुच्छेद केंद्राच्या मालमत्तेला स्थानिक करातून वगळतो. परंतु २००९ मध्ये राजकोट महानगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर केंद्राने सेवाशुल्क देण्याचे मान्य केले. सर्व सेवा घेतल्यास मालमत्ता कराच्या पंचाहत्तर टक्के, काहीच घेतल्या असल्यास पन्नास, आणि एकही न घेतल्यास एक तृतीयांश, असे त्याचे प्रमाण आहे. हे शुल्क करारावर अवलंबून असते, आणि करारासाठी मागे लागावे लागते.

दुसरे नाव कारखान्यांचे. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील वसाहतींचे ट्रक गावांच्या रस्त्यांवरून धावतात, आणि कुरकुंभच्या रसायनांचा वास व सांडपाणी शेजारच्या गावांना सोसावे लागते. उलट, १९६४ साली सुरू झालेल्या सामूहिक प्रोत्साहन योजनेच्या एकामागून एक आवृत्त्यांत पात्र उद्योगांना वीज शुल्कात, मुद्रांक शुल्कात सूट मिळते आणि राज्याने घेतलेल्या विक्रीवरील कराचा परतावाही मिळतो. कामगाराच्या पिठाच्या सीलबंद पिशवीवर मात्र जुलै २०२२ पासून पाच टक्के जीएसटी आहे, आणि तिला परतावा नाही. ग्रामपंचायत कायद्याच्या १२५ व्या कलमाखाली कारखान्याकडून करांऐवजी ठोक रक्कम घेण्याचा करार करता येतो. असे करार बंद खोलीत होऊ नयेत. रक्कम कशी ठरली, हे ग्रामसभेपुढे वाचून दाखविले गेले पाहिजे.

राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षे रखडल्या आणि डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधल्या काळात प्रशासकांनी कर आकारले आणि लोकांनी ते निमूट भरले. आता निदान जाब विचारण्यासाठी निवडून आलेली माणसे समोर आहेत. तेव्हा प्रत्येक शाखेने माहितीच्या अधिकाराखाली तीन गोष्टी मागवाव्यात: रेल्वे व इतर सरकारी खात्यांकडून सेवाशुल्काची येणे रक्कम आणि प्रत्यक्ष वसुली, सर्वांत मोठ्या शंभर थकबाकीदारांची यादी, आणि औद्योगिक वसाहतींच्या हद्दीतील ग्रामपंचायतींचे कारखान्यांशी झालेले करार. उत्तरे तीस दिवसांत यायला हवीत. ती आली की कोपरासभा घेऊन आकडे फळ्यावर लिहा. फेरआकारणीच्या नोटिसा निघाल्या, तर हरकतींची मुदत टळण्यापूर्वी वस्तीवस्तीत बसून लोकांचे हरकत अर्ज भरून द्या.