नवं काही सुरू करू नका



"डॉक्टर, दिवसभर नुसती पळापळ चालते, डोकं शांतच होत नाही. काय सुरू करू?" दवाखान्यात हा प्रश्न, लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न, आणि आकाशवाणी केंद्राकडे येणाऱ्या पत्रांतही हाच. कुणी विचारतं प्राणायाम करू का, कुणी ध्यान, कुणी रोजनिशी. एका गृहस्थांनी बासरीच्या क्लासबद्दल विचारलंय. शेवट मात्र ठरलेला, "सुरू करू का?"

नका करू. बासरीशी माझं वैर नाही. पण डबा आधीच काठोकाठ भरलाय, झाकण दाबून लावावं लागतंय, आणि तुम्ही विचारताय की आणखी एक पोळी कुठे घालू. आधी काय काढणार ते सांगा. एवढं विचारलं की समोरचा माणूस असा बघतो, जणू मी त्याच्या मुलीचं लग्न मोडायला सांगितलं.

बीपी मोजायची रीत तुम्हाला माहीत असेलच. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही. पाठ टेकून, पावलं जमिनीला लावून, न बोलता पाच मिनिटं बसायचं, मग पट्टा. त्यासाठी माझ्याकडे खिडकीशी एक खुर्ची ठेवलीय. माणूस बसतो. मिनिटभरात हात खिशाकडे जातो. मोबाइल मी काढून घेते, तर पाय हलायला लागतो. मग भिंतीवरचं कॅलेंडर वाचून होतं, पिशवीतले रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून होतात, आणि "झाली का हो पाच मिनिटं?" तोवर दोनही झालेली नसतात. वरचं दीडशे आलं तरी मी लगेच गोळी लिहीत नाही, पुन्हा बसवते. दुसऱ्यांदा बऱ्याचदा कमी येतं.

आता या माणसाला मी ध्यानाला बसा म्हणू? आणि तो बसणार कधी? त्याचं उत्तर तयार असतं. "अर्धा तास लवकर उठेन." इथे माझा पारा चढतो.

श्रोतेहो, झोपेतून वेळ काढू नका. निवांतपणासाठी काढू नका, व्यायामासाठी काढू नका, देवपूजेसाठीसुद्धा काढू नका. मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. झोपेत रक्तदाब दहा ते वीस टक्के उतरतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना चोवीस तासांत मिळणारी खरी सुट्टी तेवढीच. ती कापून तुम्ही प्राणायाम करता, आणि मग मला विचारता की प्राणायाम करूनही बीपी का उतरत नाही!

"मला पाच-सहा तास पुरतात, सवय झालीय," हे वाक्य मी रोज ऐकते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा २००३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. धडधाकट माणसांना दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं. लक्ष देण्याच्या चाचण्यांत त्यांची कामगिरी दिवसागणिक घसरत गेली, शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी. आणि त्यांना स्वतःला मात्र वाटत होतं की आपल्याला फार काही झालेलं नाही. तेव्हा पुरतं की नाही, ते तुम्ही सांगू नका. तुमच्या हिशेबातल्या चुका सांगतील, तुमची चिडचिड सांगेल.

आणखी एक ऐका. १९९७ साली ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड या संशोधकांनी मोजलं की सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि डोळा, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारखा चालतो. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. पहाटे साडेचारला उठलेला माणूस रात्री साडेनऊला स्टेशनबाहेरून स्कूटर काढतो, तेव्हा त्याचे सतरा तास भरलेले असतात. थेंबही न घेता! त्याला कुठलाही पोलीस अडवत नाही.

"आमची आजी चारला उठायची," असं पत्रात हमखास असतं. उठायची ना. आणि रात्री आठ-साडेआठला घरात निजानीज झालेली असायची. तुम्ही आजीचं उठणं घेतलंत आणि झोपताना क्रिकेटची मॅच संपायची वाट पाहिलीत. नऊला झोपून चारला खुशाल उठा, मी एका शब्दाने बोलणार नाही.

मग वेळ आणायचा कुठून? कामातून. आठवड्याला पंचावन्न किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पस्तीस ते चाळीस तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असल्याचं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये जाहीर केलं. पण नोकरीचे तास सगळ्यांच्या हातात नसतात, हे मला कळतं. हातात जे असतं त्याच्याकडे बघा. सोसायटीचं सचिवपद तुम्हीच का? बासरीवाल्या गृहस्थांच्या पत्रात त्याचा उल्लेख आहे. ते सोडा आणि बासरी घ्या, माझी हरकत नाही. लग्न एक, तर साखरपुडा, हळद, संगीत, रिसेप्शन असं चारही ठिकाणी गेलंच पाहिजे का? मुलाला तीन क्लास लावलेत, त्यातला एक बंद केल्याने कुणाचं काही बिघडत नाही. उलट ने-आण वाचते.

डोंबिवलीहून रोज मुंबईला जाणारी माझी एक पेशंट आहे. नळाला पाणी पहाटे येतं म्हणून तिचा दिवस साडेचारला सुरू होतो. चार डबे, त्यात दोन भाज्या, कारण सासऱ्यांना एक चालत नाही आणि मुलाला दुसरी. तिच्या चिठ्ठीवर गोळीच्या खाली मी लिहिलं, "सकाळी एकच भाजी. मंगळवारी, शुक्रवारी रात्री खिचडी." वाचून ती हसली आणि म्हणाली, "सही-शिक्का मारून द्या मॅडम, घरी दाखवायला." मी दिला. ती चिठ्ठी फ्रिजवर लावलीय म्हणे.

पण शिक्का लागावा का हो? सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात. पुरुषाची ८८. हे ऐकताना तुमच्या हातात चहाचा कप असेल, तर तो कुणी करून आणला ते जरा बघा. पुरुषमंडळी, तुमच्या बायकोला योगासनांची शिफारस करणारी बरीच पत्रं तुमची असतात. भांडी घासा. तिला झोपू द्या. तिला माझ्या चिठ्ठीपेक्षा त्याचा गुण लवकर येईल.

बाकीचं पटकन सांगते. चहा-कॉफी दुपारी चारनंतर नको. जेवण बसून. रविवारी अकरापर्यंत लोळून आठवड्याची उधारी फिटत नाही, रोजची वेळ सांभाळा. आणि काय काय बंद करायचं याची यादी करायला नवी वही आणि नवं ॲप आणू नका, कृपा करा.

एक गोष्ट बंद केलीत, झोप सात तासांवर आणलीत, आणि महिनाभराने थकवा तिथेच असेल, तर तो धावपळीच्या नावावर खपवू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. घोरताना श्वास अडकतो का, हे शेजारी झोपणाऱ्याला विचारा, तुम्हाला स्वतःला ते कळत नाही. आणि कशातच मन लागत नसेल, उगाच रडू येत असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहून घ्या, १४४१६. पुन्हा सांगते, एक-चार-चार-एक-सहा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि रात्री दोनलाही फोन उचलतात.