मातीतून निघालेल्या अवजाराची ओळख

खेड्याची जमीन परंपरेने दोन प्रकारची मानली जाते : शेतीची काळी आणि वस्तीची पांढरी. माती-दगडांची घरे पिढ्यान्‌पिढ्या ढासळली, त्याच जागी नवी उभी राहिली आणि पांढरीचे थर वाढत गेले. धाराशिव जिल्ह्यात घराचा पाया खणताना किंवा परसात खड्डा घेताना गंजलेले लोखंडी अवजार हाती लागते, ते यामुळेच. बहुधा ते भंगारात जाते, अथवा कानशीने घासून लखलखीत केले जाते. दोन्ही प्रकारांत त्याची ओळख पुसली जाते.

ओळखीचा पहिला आधार म्हणजे आकार. कुऱ्हाडीची धार दांड्याच्या रेषेत असते, तर सुताराच्या वाकसाची आडवी. पाथरवटाच्या टाकीचे डोके हातोडीच्या घावांनी पसरलेले असते. पटाशीचे मागचे टोक लाकडी मुठीत बसावे म्हणून निमुळते असते. लांब, सपाट आणि एकाच बाजूस धार असलेली पट्टी वखराची फास असू शकते. दांडा कुजून गेला तरी तो कोठे बसत होता आणि धार कोणत्या बाजूने झिजली, यावरून काम उमगते. वयोवृद्ध लोहार किंवा सुतार अशा वस्तूचे नाव, तिचा उपयोग आणि घडविण्याची रीतही सांगू शकतो. ते ज्ञान लिहून ठेवले नाही, तर त्याच्याबरोबरच नाहीसे होईल.

वय मात्र गंजावरून ठरत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उमरगा-लोहारा भागातील अनेक घरे संसारासह गाडली गेली. तेथील ढिगाऱ्यातील विळा काही दशकांचाच असेल. याच जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथे सातवाहनकाळातील अवशेष मिळाले आहेत. दोन्ही ठिकाणचे लोखंड सारखेच तांबूस दिसेल. शिवाय साध्या अवजारांचे आकार शतकानुशतके फारसे बदलत नाहीत. म्हणून खरा साक्षीदार म्हणजे वस्तूची जागा : ती किती खोल होती, कोणत्या थरात होती आणि सोबत खापरे, मणी, नाणी किंवा राख होती काय.

यासाठी वस्तू उचलण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे व खोली मोजावी. माती मऊ कुंचल्याने झाडावी. आम्ल, विस्तव आणि कानस यांचा वापर टाळावा. वस्तू कोरड्या डब्यात ठेवावी, कारण ओलाव्याने गंज वाढतच राहतो. १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेल्या मौल्यवान ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. शंका असल्यास पुरातत्त्व विभागाकडे विचारणा करावी. तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय संग्रहालयही आहे.

ग्रामपंचायतीने व शाळेने मिळून एक साधी नोंदवही ठेवावी : वस्तू, जागा, खोली, दिनांक आणि जाणत्या कारागिराने सांगितलेले नाव. पाया खणण्याचे काम सुरू होण्यापूर्वीच ही गोष्ट गवंड्यांच्या व मजुरांच्या कानावर घातली, तर भंगाराच्या पोत्यात जाणारी वस्तू वेळीच बाजूला ठेवली जाईल.