युरियाची गोणी आणि 25 हजार गोळ्या



मी सॉफ्टवेअरवाला, शेतकरी नाही, हे आधीच सांगतो. निडीला आमची थोडी भातशेती आहे, ती चाचा बघतात. गेल्या लावणीला मी लॅपटॉप घेऊन त्यांच्यासमोर बसलो आणि युरियाच्या गोणीचा हिशेब मांडला.

गोणी 45 किलोची. त्यात नत्र 46 टक्के, म्हणजे जवळपास 21 किलो. आयपीसीसीच्या ढोबळ नियमाने शेतात टाकलेल्या नत्रापैकी 1 टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं. वायू भरतो जेमतेम 325 ग्रॅम. पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो. म्हणजे एक गोणी बरोबर 38 लिटर पेट्रोलचा धूर! पाणी तुंबलेल्या खाचरात प्रमाण निम्म्याहून कमी धरतात. पाणी आटून पुन्हा भरत राहिलं की वाढतं.

चाचांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "बेटा, तू मुंबईहून कशाने आलास?"

गाडीने आलो होतो. जाऊन-येऊन 15 लिटर.

तरीही मी हटलो नाही, कारण उडालेलं नत्र भाताला मिळत नाही. अनुदानामुळे गोणी 266 रुपयांना पडते, म्हणून हात सैल सुटतो, इतकंच.

उपाय आपल्याच कोकणात आहे. डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री लागवडीत युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची गोळी लावणी झाल्याबरोबर चार चुडांच्या मध्ये, चिखलात 7 ते 10 सेंटिमीटर खोल दाबतात. तिथे हवा पोचत नाही, त्यामुळे जिवाणूंना नत्राचं नायट्रेट करता येत नाही आणि वायूही कमी सुटतो. खतही कमी लागतं.

मग गावात हे सगळे का करत नाहीत? एकरी 25 हजार गोळ्या, आणि प्रत्येक गोळीला वाकायचं. युरिया फेकायला एक माणूस, एक सकाळ. चाचांची दोन्ही मुलं कतारला आहेत. तुमच्यातल्या कितीजणांच्या घरी हेच चित्र आहे, हात वर करायला लावत नाही.

मी एक गुंठा केला. 625 गोळ्या. दुसऱ्या दिवशी चाचींनी कमरेला बाम चोळून दिला आणि खूप हसल्या.

येत्या लावणीला चाचांनी मला पूर्ण एकर दिलाय. आठ-दहा जण हवेत. गाडी नको, रोह्याची मेमू पकडा, निडी स्टेशनला उतरा. जेवण चाचींकडे.