बेगमी आणि साठेबाजी

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा विषय ठरला होता घरखर्च आणि बचत. बँकेत काउंटरवर बसणारी आम्ही माणसे, आमच्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार! पण मागच्या महिन्यात घरातला माळा साफ करताना एक पत्र्याचा डबा सापडला. आत 2020 सालचे बेसन होते. त्याला जाळी धरून ते कधीच वाया गेले होते. तो डबा पाहून वाटले की आज याच विषयावर बोलावे. घरात धान्य भरून ठेवणे ही बचतच आहे, पण ती कधी बचत असते आणि कधी दुसऱ्याच्या ताटातला घास असते, हे समजून घेतले पाहिजे.

24 मार्च 2020 ची रात्र आपल्या सर्वांना आठवत असेल. दोनच दिवसांपूर्वी जनता कर्फ्यू झाला होता, आणि त्या संध्याकाळी आपल्याच शहरात राजवाड्यावर थाळ्या वाजवत गर्दी जमली होती. 24 तारखेला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी 21 दिवसांची टाळेबंदी जाहीर केली. भाषण संपायच्या आत आमच्या कॉलनीतले लोक पिशव्या घेऊन किराण्याच्या दुकानाकडे धावले. त्यात आम्हीही होतो, हे कबूल केले पाहिजे. आम्ही 20 किलो आटा, 10 लिटर तेल, 5 किलो बेसन आणि साबणाच्या वड्यांचे खोके घेऊन आलो. घरी माणसे चार. गव्हाची कोठी अर्धी भरलेली. तरीही आणले, कारण शेजारी आणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताई फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वहिनी, दुकानात आटा संपला म्हणतात. दोन किलो असेल तर द्या, पगारातून कापून घ्या." आटा दिला, पैसे कापले नाहीत. पण त्या गेल्यावर घरात कोणी कोणाशी बोलेना. त्यांना दुकानात जो आटा मिळाला नाही, तो आमच्या स्वयंपाकघरात होता. आम्ही त्यांना आमच्यातले दिले असे म्हणायची सोय नव्हती. त्यांचेच थोडेसे परत केले होते.

आता याचा हिशेब मांडून पाहू. समजा एका गल्लीत 100 घरे आहेत आणि प्रत्येक घर आठवड्याला 5 किलो आटा घेते. दुकानदार आठवड्याचा माल म्हणून 500 किलो ठेवतो. एके रात्री प्रत्येकाने 5 ऐवजी 20 किलो मागितला, तर पहिल्या 25 घरांतच दुकान रिकामे होते. उरलेली 75 घरे हात हलवत परततात. गल्लीत आटा कमी झालेला नसतो, तो फक्त फळीवरून उठून 25 घरांच्या माळ्यावर गेलेला असतो. बँकेचेही असेच असते. चांगली चालणारी बँकसुद्धा सर्व ठेवी तिजोरीत ठेवत नाही. अफवा उठली आणि सगळे ठेवीदार एकाच सकाळी रांगेत उभे राहिले, तर धडधाकट बँकही अडचणीत येते. मग जो शेवटी उभा असतो तो म्हणतो, बघा, आम्ही म्हणत होतो ना!

प्रत्यक्षात त्या वर्षी देशात धान्य कमी नव्हते. आपल्या माळव्यातला गहू त्याच दिवसांत शेतात उभा होता किंवा खळ्यावर येत होता. 2020 च्या हंगामात मध्य प्रदेशाने गव्हाच्या सरकारी खरेदीत पंजाबलाही मागे टाकले आणि सुमारे 129 लाख टन गहू खरेदी केला. म्हणजे गोदामे भरलेली आणि दुकानाची फळी रिकामी, अशी ती गंमत होती. मास्क आणि सॅनिटायझरचे तेच झाले. 13 मार्चला सरकारला ते 1955 च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली आणावे लागले आणि 21 मार्चला भाव बांधून द्यावे लागले. 200 मिलिलिटर सॅनिटायझर 100 रुपये, तीनपदरी मास्क 10 रुपये. ज्याला कायदा साठेबाजी म्हणतो ती काही फक्त सियागंजच्या गोदामातच होते असे नाही, ती आपल्या माळ्यावरही होते.

मग कोणी विचारेल, आपल्या आज्या वर्षाचे धान्य भरत नव्हत्या का? भरत होत्या. आपल्यापैकी बहुतेक घराणी होळकरांच्या काळापासून इथे आहेत आणि प्रत्येक जुन्या घरात कोठीची खोली होती. पण त्या बेगमीची रीत पाहा. होळीनंतर नवा गहू मंडईत येऊ लागला की अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पोती घरी यायची. तेव्हा बाजारात माल मुबलक असे, भाव उतरलेले असत आणि शेतकऱ्यालाही विकायची घाई असे. आपण घेतले म्हणून कोणाचे कमी पडत नसे. गहू निवडून, उन्हात वाळवून, एरंडेलाचा हात लावून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत जायचा. पापड, कुरडया, सांडगे, शेवया उन्हाळ्यातच व्हायच्या. पावसाळ्यात भाजी महागली तरी घर अडत नसे. आणि त्या कोठीतून मदतीला आलेल्या बायकांचा वाटाही निघत असे. बेगमी सुगीत होते, साठेबाजी टंचाईत होते. धान्य तेच, पोते तेच, पण भरण्याची वेळ निराळी. ही वेळ आम्ही 24 मार्चच्या रात्री विसरलो.

आणि जी बेगमी घरात होती तीही आम्हाला नीट कळली नव्हती, तेही सांगतो. 30 मार्चपासून आपल्या शहरात तीन दिवस किराणा आणि भाजीसुद्धा बंद झाली. त्यानंतरही बरेच दिवस घरोघरी सामान पोचवण्याचे काम नगरनिगमाकडे होते. कचरा नेणाऱ्या गाडीबरोबर किराण्याची यादी द्यायची आणि सामान घरी यायचे, ही गोष्ट आपण नातवंडांना सांगू. पण आमच्या गल्लीतल्या एका ज्येष्ठ दांपत्याच्या घरी दोन पोती शरबती गहू असून पोळी होईना, कारण चक्की बंद! मुले परदेशात, ऑनलाइन मागवण्याची सवय नाही. दोन दिवस त्यांनी खिचडीवर काढले आणि मग संकोचाने शेजारी आटा मागितला. रक्तदाबाच्या गोळ्या तर तीनच दिवसांच्या उरल्या होत्या. धान्य भरले म्हणजे घर सुरक्षित झाले असे नाही.

आता ज्यांना भरताच येत नाही त्यांच्याविषयी बोलू. एप्रिल 2020 मध्ये महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा 500 रुपये जमा व्हायला सुरुवात झाली. गर्दी टाळण्यासाठी खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस ठरवले होते. 3 एप्रिलला 0 आणि 1, 4 एप्रिलला 2 आणि 3, याप्रमाणे 9 एप्रिलपर्यंत. आम्ही काउंटरच्या आत, काचेमागे. बाहेर उन्हात आखलेल्या गोलांत बायका उभ्या. पैसे बुडतील, परत जातील, अशी अफवा होती म्हणून आकडा नसलेल्याही येत. आम्ही सांगून थकलो की पैसे कुठे जात नाहीत, नंतर काढा. एक बाई म्हणाली, "साहेब, तुमच्या घरी डबे भरलेले आहेत म्हणून तुम्हाला नंतर म्हणता येते." आम्ही काय उत्तर देणार? ज्या घरात तेल रोज दहा रुपयांचे येते त्या घराला 21 दिवसांची बेगमी करा असे सांगणे ही चेष्टा आहे. त्यांची बेगमी रेशनच्या दुकानातच असते. त्या वर्षी माणशी 5 किलो मोफत धान्य सुरू झाले आणि आजही शिधापत्रिकाधारकांना ते मिळते. पण पत्रिका असेल तर, आणि नाव त्यात असेल तर.

त्याच मे महिन्यात आपल्या बायपासवरून महाराष्ट्रातून निघालेले मजूर पायी, सायकलवर, ट्रकमध्ये उभे राहून उत्तरेकडे जात होते. आपल्यापैकी काहींनी तिथे पोळी-भाजीची पाकिटे आणि पाणी वाटले, त्यांना नमस्कार. 8 मे 2020 ला पहाटे औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली सापडले. ते आपल्याच मध्य प्रदेशातले होते. रुळांवर पडलेल्या त्यांच्या पोळ्यांचे छायाचित्र सर्वांनी पाहिले. त्यांनीही प्रवासाची बेगमी केली होती, पण ती चार पोळ्यांची होती. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही दोन्ही आपली घरे म्हणवणाऱ्या आपल्या समाजाने तरी हे विसरू नये.

असो. आता कामाचे बोलू. चार माणसांच्या घराला साधारण महिन्याला 20 किलो गहू, 5 किलो तांदूळ, 4 किलो डाळी, 3 लिटर तेल, 3 किलो साखर आणि एक किलो मीठ पुरते. आपापल्या घरचा आकडा महिनाभर लिहून काढा, अंदाजाने बोलू नका. त्यावर तीन-चार आठवड्यांचा साठा कायम असावा, पण तो एका रात्रीत आणू नये. दर महिन्याच्या किराण्यात एक-दोन वस्तू जास्त घेतल्या तर चार महिन्यांत तो आपोआप होतो. जुने पुढे, नवे मागे, आणि डब्यावर तारीख. गव्हाबरोबर आठ दिवसांचे पीठ, ज्वारीचे पीठ किंवा दलिया असू द्या, म्हणजे चक्की बंद असली तरी चूल थांबत नाही. नेहमीची औषधे डॉक्टरांना विचारून एक महिन्याची. दुसरी गॅसची टाकी रिकामी होताच नोंदवावी. थोडी रोकड सुट्ट्या नोटांत. सॅनिटायझर पेट घेते, त्याचे डबे शेगडीजवळ नकोत. आणि हात जोडून सांगतो, घरातल्या धान्यात सल्फासची गोळी कधीही टाकू नका. तिचा वायू बंद खोलीत माणसाचा जीव घेतो. आजीचे ऊन आणि कडुनिंब पुरेसे आहे.

मंडळाकडे आमच्या चार मागण्या आहेत. पहिली, आपल्या सभासदांतील एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी वॉर्डवार करावी आणि प्रत्येक नावापुढे जवळच्या एका तरुणाचे नाव लिहावे. दुसरी, आपल्या घरी काम करणाऱ्या प्रत्येक बाईची शिधापत्रिका आहे का, तिच्यात सगळ्यांची नावे आणि ई-केवायसी झाली आहे का, हे सभासदांनी विचारावे आणि नसल्यास अर्ज भरायला मंडळाने टेबल मांडावे. अर्ज भरायला आम्ही बँकवाले बसू. तिसरी, पुढे कधी बंदी आली तर चक्की आणि औषधांचे दुकान चालू राहील आणि लोकांना आधी पुरेशी सूचना मिळेल, असे लेखी निवेदन आपल्या पार्षदांना द्यावे. पार्षद कोणत्याही पक्षाचे असोत, निवेदन एकच असावे. चौथी मागणी आपल्या सर्वांकडेच. अशी रात्र पुन्हा आली तर दुकानात जाताना आठवड्याचीच पिशवी न्यायची, पोते नाही.

ती साथ गेली. पुढची कधी येईल हे कोणाच्या हातात नाही. पण त्या दिवशी आपल्या गल्लीतल्या दुकानाच्या फळीवर शंभराव्या घरासाठी आटा उरलेला असेल की नाही, हे बऱ्याच अंशी पहिल्या 25 घरांच्या हातात आहे. आणि खरे सांगायचे तर, आपली घरे बहुधा त्या पहिल्या 25 मध्येच असतात.