कंबर, काटा आणि पाळी
(येरवडा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आपण बसलो आहोत त्या येरवड्यातच डेक्कन कॉलेज आहे. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे तिथे १९३९ पासून शिकवत होत्या. महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी माणसांच्या शरीराची मापं घेतली. मला आज तुमच्याकडे एकच माप मागायचं आहे, कमरेचं. का, ते सांगते.

दवाखान्यात बाई खुर्चीत टेकते न टेकते तोच विचारते, "डॉक्टर, हे वजन हार्मोन्समुळेच वाढलंय ना?" तिचं अर्धं बरोबर असतं. राहिलेलं अर्धं असं की, वाढलेलं वजनही हार्मोन्स बिघडवतं. चरबी म्हणजे अडीअडचणीसाठी बांधून ठेवलेली शिदोरी, एवढीच समज बरीच वर्षं होती. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिनचा शोध लावला. चरबीच्या पेशी हे हार्मोन सोडतात आणि अंगात साठा किती आहे ते मेंदूला कळवतात. साठा फारच आटला तर मेंदू पाळी थांबवतो. गर्भ पोसायला घरात काही नाही, असा त्याचा हिशेब. जेवण तोडून बारीक होणाऱ्या मुलींची पाळी जाते ती यामुळे. शिवाय चरबीत इस्ट्रोजेनही तयार होतं, आणि पाळी गेल्यावर तर बाईला ते मुख्यतः तिथूनच मिळतं.

चरबी कुठे साठवायची हेही बऱ्याच अंशी इस्ट्रोजेनच ठरवतं. वयात येताना ती मांड्या आणि नितंबांवर जाते, तिथे तिचा त्रास कमी. चाळिशीनंतर इस्ट्रोजेन उतरू लागलं की ती पोटाकडे वळते. वजन वाढतं ते बरंचसं वयामुळे, स्नायू झिजल्यामुळे. जागा बदलते ती हार्मोन्समुळे. म्हणून काटा दोनच किलो जास्त दाखवतो, पण परकराची नाडी पुरेनाशी होते. पोटातली ही चरबी यकृताला, इन्सुलिनला आणि हृदयाला जड जाते.

आता आपल्या पुण्याचं सांगते, कारण वजन कमी असूनही अंगात चरबी जास्त असू शकते, हे जगाला पुण्याने शिकवलं. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. या आयांचं गरोदरपणाआधीचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास. बाळं पावणेतीन किलोच्या आतली. इंग्लंडमधली बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं हातापायांनी काटकुळी, पण त्यांच्या कातडीखालची चरबी इंग्रज बाळांच्या जवळपास तेवढीच! पुढे २००४ मध्ये याज्ञिकांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापं 'लॅन्सेट'मध्ये छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. काट्यावर उभं राहून हा फरक कुणाला कळला असता?

म्हणून "एवढी सडपातळ आहे, हिला कसला आलाय पीसीओडी?" हे वाक्य मला फार खुपतं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते जास्त सोडतं. ते जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन्स वाढवायला लावतं. मग पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, मानेची कातडी काळवंडते. हाच पीसीओडी, आणि बारीक मुलींनाही तो होतो. त्यांच्या आया सांगतात, "लग्न झालं की होईल नीट." लग्न हा पीसीओडीवरचा उपचार नाही, आणि वर्षं वाया जातात ती मुलीची. ज्यांचं वजन खरोखर जास्त आहे त्यांनाही पंचवीस किलो उतरवायचे नसतात. सत्तर किलोच्या बाईचे साडेतीन किलो उतरले, तरी पुष्कळदा पाळी मार्गावर येऊ लागते.

इथल्या आयटी पार्कमध्ये रात्रपाळी करणारी मुलगी आणि चार घरची धुणीभांडी करून घरी शिळी भाकरी खाणारी बाई, दोघींनाही आपण वजनावरून बोलतो. खाण्याचा हावरटपणा म्हणून बोलतो. झोप मोडली की भूक वाढते. ताटात नुसती भाकरी किंवा भात असेल आणि डाळ, अंडं, शेंगदाणे नसतील, तर स्नायू बनत नाहीत. यात त्या बायकांचा हावरटपणा कुठे आला?

घरी गेल्यावर शिवणाची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. आपल्याकडच्या प्रौढ बाईसाठी हद्द ८० सेंटीमीटरची, म्हणजे साडेएकतीस इंच. त्यापुढे असाल तर काटा काहीही सांगो, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. पाळी अनियमित असेल तर थायरॉइडही तपासा. आणि मुलीच्या कमरेवर कृपा करून एक शब्दही बोलू नका. तिला फक्त गेल्या तीन पाळ्यांच्या तारखा विचारा. दोन तारखांमध्ये वारंवार पस्तीसहून जास्त दिवस जात असतील, तर तिला घेऊन या.