मान वाळेपर्यंत

श्रोतेहो, मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचलेली असणार. ज्यांनी वाचली नाही त्यांनी सुजय डहाक्यांचा २०१२ सालचा सिनेमा तरी पाहिला असेल. त्यामुळे मुकुंद जोशी कोण, शिरोडकर कोण, हे सांगत बसत नाही. मिनिटं थोडी आहेत आणि म्हणणं एवढंच आहे, की पोरांच्या हातून हे पुस्तक ओढून घेऊ नका.

परवा आमच्या विंचूरला एका घरी गेलो होतो. कांद्याची चाळ भरणं चाललेलं. नववीतला पोरगा पालथ्या क्रेटवर बसून ‘शाळा’ वाचत होता. बाप आला, पुस्तक हिसकावलं आणि थेट चाळीच्या पत्र्याखाली, वाशात खोचलं. बापही माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, “सर, नववीचं वर्ष, अन् हा लफडी वाचतोय.” म्हटलं, तू वाचलंस का? “मला कुठं एवढा टाइम!”

अरे बाबा, कादंबरी आली २००४ साली, पण गोष्ट आहे आणीबाणीतली. त्यातल्या मुकुंदाला शिरोडकर ही मुलगी आवडते, हे खरंच. पण भोवती मोठी माणसं देशात काय चाललंय त्यावर बोलतात, ते त्याला अर्धंमुर्धं कळतं. धड घरी कुणी सांगत नाही, धड शाळेत नाही. मग चार पोरं अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगीत बसून आपल्या अकलेनं जगाचा हिशेब मांडतात. लफडं असलंच तर ते आपलं, मोठ्यांचं आहे.

तुम्हाला कांद्याच्या भाषेत सांगतो. उपटला की लगेच चाळीत टाकता का? शेतातच ओळीनं पसरता, एकाची पात दुसऱ्यावर येईल असा. मान वाळू देता. ओल्या मानेचा कांदा आत गेला की सड तिथूनच शिरते आणि शेजारच्यालाही घेऊन जाते. चाळीलाही खालून फटी, बाजूनं फटी. ताडपत्रीत आवळून कांदा टिकत नाही. नववीतलं पोर म्हणजे ओल्या मानेचा कांदा, आणि असलं पुस्तक म्हणजे त्याच्यावरची पात. ऊन लागू देते, भाजू देत नाही. फरक इतकाच, की कांद्याचा भाव लासलगावला रोज कळतो, पोराच्या मनातलं कळायला तसा बाजार नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, ओढून घेऊ नका. पुढं पोरगं शिकायला शहरात जाईल, तेव्हा ‘कोसला’ द्या. १९६३ची कादंबरी, लेखक नेमाडे तेव्हा पंचविशीत. सांगवीचा पांडुरंग पुण्याला जातो, वडिलांशी पटत नाही, धाकटी बहीण मनी देवीनं जाते... ती तर बापांनीच आधी वाचावी, कारण त्यातला बाप... बरं, स्टुडिओच्या काचेपलीकडून बोट दाखवतायत. एकच मिनिट राहिलंय.

तर वाशात खोचलेलं ते पुस्तक काढ. नाव घेत नाही, ज्याला कळायचं त्याला कळलंय. आधी स्वतः वाचायचं असेल तर वाच, पण जरा लवकर. पोरगं निम्म्यावर अडकलंय.