दान कुलूपबंद नको

अंबाजोगाईत १९७४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणून हे येथेच बोलतो. महर्षी दधीचींनी लोककल्याणार्थ अस्थी अर्पिल्या. मराठवाड्याचे सुपुत्र नानाजी देशमुख यांचा देह २०१० साली त्यांच्याच इच्छेने वैद्यकीय अभ्यासास दिला गेला.

महारोहिणी, अर्थात हृदयातून निघणारी मुख्य धमनी, फुगून वा चिरून एकाएकी प्राण घेते. काही घराण्यांत हा रोग आनुवंशिक असतो. शस्त्रक्रियेत काढलेली ऊती व थोडे रक्त रुग्णाने संशोधनार्थ दिल्यास त्याचे मूळ शोधता येते. परंतु एकाच संस्थेच्या शीतपेटीत पडून राहिलेले दान निष्फळ होय. दात्याची संमती, ओळखीची गुप्तता आणि नैतिकता समितीची अनुमती सांभाळून ते अन्य संशोधकांनाही मिळावे.

दाता उदार झाला. संशोधकाने कृपण होऊ नये.